माहेरी परत पाठवलेला देव

पहिल्या दिवशी मला वाटलं, भाजीत मीठ जास्त पडलं असेल. आत्याबाईंनी ताट बोटांनी जरासं पुढे सारलं आणि म्हणाल्या, "नको मले." मी चाखून पाहिली. भाजी चांगली होती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी केली, कारण फुणके म्हटलं की त्या दोन घास जास्तच खायच्या. ताट तसंच परत. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "म्या काय मोलकरीण हाय का तुमची? रोज नवं रांधाचं अन् रोज गाईले टाकाचं?" एरवी माझ्या एका शब्दाला त्यांचे चार शब्द यायचे. त्या दिवशी त्या नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या. तेव्हा मला कळलं, हे मिठाचं नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. वय एक्क्याऐंशी. दिग्रसच्या घरात आम्ही दोघीच. माझे मालक जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्याला, शेत मक्त्यानं दिलेलं, आणि मी शाळेतून निवृत्त. दिवसभरात दारावर येतं कोण? दूधवाला, कधी गॅसवाला, आणि कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगची धूळ. खरं तेच लिहिते, सासूची माया वगैरे नंतर. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ही बाई गेली तर या घरात मी भांडू कोणाशी?

कारण पस्तीस वर्षं आम्ही भांडूनच राहिलो. आणि बहुतेक भांडणं देवावरून. मी नवी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच महालक्ष्म्यांना माझी आंबील पातळ झाली. या बाईनं भरल्या घरात, सोळा भाज्या चिरणाऱ्या सगळ्या बायांसमोर मला उभं केलं. "देवाचं हाय, खेळ नोहे. पुन्हा कर." मी पुन्हा केली. नैवेद्याच्या ताटात मीठ कुठं, लिंबू कुठं, तळणीचा फुलोरा किती बोटांवर टांगायचा, दिव्याची वात कोणत्या दिशेला, सगळं त्यांना तोंडपाठ होतं आणि बोटभर चूक खपत नव्हती. शाळेत चाळीस पोरांना मी धाकात ठेवायचे, पण घरी देवघरासमोर गेले की मीच धाकात असायचे. रागानं मी मनात कितीदा म्हटलं असेल, एवढा देव देव करते, तर जरा माणसावर दया कर की! पण एक होतं. अशी बाई पाठीशी असली की आपलं देवाचं सगळं ठीक चाललंय असं वाटायचं. माझी भक्ती त्यांच्या भरवशावर होती.

त्यांचं जेवण सुटलं ते यंदाच्या महालक्ष्म्या उठल्यावर. यंदा त्यांना बसवतही नव्हतं, म्हणून सगळं मीच केलं. त्या खुर्चीवरून बघत होत्या. एकाही चुकीबद्दल बोलल्या नाहीत. मला वाटलं, चला, पस्तीस वर्षांनी पास झाले.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं. काही सापडलं नाही. ते म्हणाले, यवतमाळला मनाच्या डॉक्टरला दाखवा. मनाच्या म्हटल्याबरोबर मुलगा फोनवर गप्पच झाला. मी म्हटलं, अरे गप्प कायले बसतं, गुडघ्याचा डॉक्टर असते तसा मनाचा असते. आर्णीवरून जाणाऱ्या गाडीत त्यांना खिडकीशी बसवलं आणि निघाले.

यवतमाळची डॉक्टर म्हणजे माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची पोर. आवाज मऊ. तिनं आत्याबाईंना विचारलं, "आजी, मनात काय येतं?" आत्याबाई म्हणाल्या, "म्या पाप केलं." मी लगेच मधे पडले. "काही पापबिप नाही हो डॉक्टर. सबंध आयुष्य देवधर्मात घालवलं यांनी. यांच्याइतकं सोवळंओवळं अख्ख्या गल्लीत कोणी पाळलं नसेल." डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी तोंड मिटलं होतं. म्हातारपणातली उदासी आहे, असं तिनं सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. पुढच्या वेळीही तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि तीच मी मधे. वर्गात पोराला प्रश्न विचारला की शेजारच्यानं उत्तर दिलेलं मला खपायचं नाही, पट्टीच आपटायचे टेबलावर. इथं मात्र मीच ते करत होते आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

गोळ्यांनी झोप लागायला लागली. दूध-भाताचे चार घास जायला लागले. पण डोळ्यांत काही नव्हतं. दिवसभर खाटेवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं. मी टीव्ही लावायचे, त्या बघायच्या नाहीत. मी भांडण काढायचे, त्या भांडायच्या नाहीत. त्या घरात असूनही मला घर रिकामं वाटायला लागलं. संध्याकाळी दिवा लावताना मी मोठ्यानं आरती म्हणायचे, निदान माझा तरी आवाज माझ्या कानावर पडावा म्हणून.

आणि मग मी ती गोष्ट केली. मी सत्यनारायण घातला.

शेजारणींनी सुचवलं आणि मलाही पटलं. ज्या बाईनं जन्मभर देवाचं केलं, तिला देवाच्याच हवेनं बरं वाटेल, एवढं साधं गणित. चौरंग, केळीचे खांब, भटजी, कथा. पंधरा-वीस बाया जमल्या. कितीतरी दिवसांनी घर भरलं, मलाच बरं वाटलं. आत्याबाईंना नवं पातळ नेसवून पुढे बसवलं. कथा संपली. मी शिऱ्याचा द्रोण त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मान हलवली. सगळ्यांसमोर! प्रसादाला नाही! मी हसत हसत म्हटलं, "आत्याबाई, देवाचा प्रसाद हाय, नाही म्हणू नाई," आणि एका हातानं हनुवटी धरून दुसऱ्या हातानं घास तोंडात घातला. बाया म्हणाल्या, किती करते बाई सून. मला मनातून छान वाटलं.

बाया गेल्यावर त्या मला मोरीजवळ बसलेल्या दिसल्या. तो घास त्यांनी तासभर गालात धरून ठेवला होता. तिथं थुंकला, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली, पुन्हा भरली, आणि लहान पोरीसारख्या हुंदके देत रडायला लागल्या. पस्तीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. स्वतःच्या पोराच्या, माझ्या मालकांच्या तिरडीसमोरसुद्धा ही बाई दात आवळून उभी होती. मी विचारलं, काय झालं, काय झालं. त्यांनी पुन्हा तांब्या उचलला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणीही जवळजवळ बंद केलं. तिसऱ्या दिवशी मी गाडी करून त्यांना यवतमाळला नेलं आणि दवाखान्यात भरती केलं.

सलाईन लागलं. डॉक्टर आली. मी सत्यनारायणाची हकिगत सांगितली, अगदी अभिमानानंच सांगितली. तिनं ऐकून घेतली. मग स्टूल ओढून आत्याबाईंच्या उशाशी बसली आणि मला म्हणाली, "काकू, दहा मिनिटं तुम्ही बोलायचं नाही. बसा इथंच, पण बोलायचं नाही." माझ्या डोक्यात तिडीक गेली. कालची पोर मला गप्प बस म्हणते! पण बसले.

ती आत्याबाईंना म्हणाली, "आजी, मी सगळ्या म्हाताऱ्या माणसांना विचारते. झोप कशी लागते, भूक कशी लागते, आणि मनात देव कोणता आहे. तुम्ही लहान होत्या तेव्हा हात कोणाला जोडायच्या?"

आत्याबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मी खाली पाहिलं. मग त्या जे बोलल्या ते मी एका दमात ऐकलं, आणि अजूनही पूर्ण पचलेलं नाही.

त्यांचं माहेर मारेगावकडचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मला एवढंच माहीत होतं. घर महानुभाव पंथाचं, हे मला माहीत नव्हतं. त्या पंथात एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या दैवताला हात जोडत नाहीत, दुसऱ्याचा प्रसाद तोंडात घालत नाहीत. अकराव्या वर्षी त्यांनी उपदेश घेतला होता, म्हणजे गुरूसमोर तसा शब्द दिला होता. सोळाव्या वर्षी लग्न होऊन दिग्रसला आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी लग्न ठरतानाच सांगितलं होतं, आमच्या घरी आमचे देव. वडिलांनी मान खाली घातली. स्थळ चांगलं होतं. आईनं मात्र निघताना त्यांच्या पदरात विशेष बांधून दिला. विशेष म्हणजे देवाच्या स्पर्शाचा म्हणून जपलेला दगडाचा बारका तुकडा, कापडात गुंडाळलेला. तीन वर्षं त्यांनी तो ज्वारीच्या कोठीत लपवून ठेवला. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून दाण्यांत हात घालायचा, त्याला हात लावायचा, नाव घ्यायचं आणि मग दिवसभर महालक्ष्म्या, गणपती, सत्यनारायण.

"मंग मले लाज वाटाले लागली," आत्याबाई म्हणाल्या. "थो अंधारात बसून, अन् म्या उजेडात दुसऱ्याची आरती करून राह्यली. भाऊ आलता दिवाळीले. त्याच्या हाती देऊन देला. म्या त्याले माहेरी परत पाठवलं. बाई, म्या देवाले घराबाहेर काढलं. आता मले कोन घेईन?"

वॉर्डात कोणाची तरी भांडी वाजत होती. डॉक्टरनं त्यांचा हात धरला होता. ती काही समजूत घालायला गेली नाही, हे मला विशेष वाटलं. मी असते तर लगेच म्हटलं असतं, अहो, देव सगळे एकच.

बाहेर व्हरांड्यात तिनं मला सांगितलं, "गोळ्या सोडायच्या नाहीत. त्या लागणारच. पण त्यांना जो प्रश्न पडलाय ना काकू, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुमच्याकडेही नाही. ज्यांच्याकडे आहे अशा कोणाला तरी शोधा."

मी खाली उतरून चहाच्या टपरीवर गेले आणि चहा गार होईपर्यंत रागानं तशीच उभी राहिले. हो, रागच आला. दया नंतर आली. पस्तीस वर्षं! आंबील पातळ झाली म्हणून मला भरल्या घरात उभं केलं, आणि स्वतःचा त्या देवावर काडीचा विश्वास नव्हता? माझ्याकडून नैवेद्य करून घेतले, उपास करून घेतले, पोराच्या परीक्षेला नवस बोलायला लावले. मग ते सगळं काय होतं? वर जाऊन मी विचारलंच. आजारी माणसाला विचारू नये, पण माझ्यानं राहवलं नाही.

"आत्याबाई, तुमचं मन नव्हतं तं माह्या मागं एवढ्या कायले लागल्या?"

त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "मन नव्हतं म्हनूनच. ज्याचं मन असते त्याची चूक देव पोटात घालते. माह्यापाशी तं मनच नव्हतं. चूक झाली असती तं म्या कोन्या तोंडानं माफी मांगतली असती? म्हनून तुले बी भेव घातलं."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि पाय दाबत राहिले. दुसरं काय करणार?

चार दिवसांनी घरी आलो. शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून मी विचारत विचारत निघाले. पुसदच्या रस्त्याला एका खेड्यात त्या पंथाचा लहानसा आश्रम आहे असं कळलं. बस फाट्यावर सोडते, पुढे पायी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया वाकलेल्या. आश्रमात गेले आणि सवयीनं नमस्कार केला. समोरच्या म्हाताऱ्या तपस्विनी बाई म्हणाल्या, "दंडवत." पदराखाली कापलेले केस, तोंडात एकही दात नाही, वय आत्याबाईंइतकंच. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि फक्त विचारलं, "थे जेवते का?" मी म्हटलं, नाही. "मंग उद्याच येतो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाक केला तेव्हा हात थबकला. त्या बाई आमच्या देवांना दाखवलेला नैवेद्य खाणार नाहीत. म्हणजे आज देवाला दाखवायच्या आधी ताट वाढायचं. पस्तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. मी देवघरासमोर उभी राहिले आणि म्हटलं, आज तुम्ही मागून जेवा. असं म्हणताना मला रडू आलं, का ते कळलं नाही. मग भात झाकून ठेवला.

तपस्विनी बाई आल्या. आत्याबाईंनी त्यांना दारात पाहिलं आणि खाटेवरून उतरून जमिनीवर लोटांगण घालायला लागल्या. ज्या बाईला उठून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं ती! मी धावले, पण तपस्विनी बाईंनी हातानं मला थांबवलं. मग त्या स्वतःही खालीच बसल्या. दोघी म्हाताऱ्या फरशीवर, गुडघ्याला गुडघा लावून.

आत्याबाईंनी सगळं सांगितलं. कोठी, ज्वारी, भाऊ, सत्यनारायण, गालातला घास. शेवटी विचारलं, "मले वळखीन का थो?"

"तूनं सोडलं म्हणतं," तपस्विनी बाई म्हणाल्या. "त्यानं सोडलं असं तुले कोनं सांगतलं?"

आत्याबाईंनी मान वर केली.

"नाव आठवते का?"

आत्याबाईंचे ओठ हलायला लागले. आधी आवाज नव्हता. मग आला. अकराव्या वर्षी शिकलेलं सगळं त्या म्हणत गेल्या, एक अक्षर चुकलं नाही, आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आनंद झाला, खूप झाला, जिवात जीव आला. आणि त्याच वेळी असं वाटलं, की या घरात पस्तीस वर्षं माझ्यासोबत राहिलेली बाई मी आज पहिल्यांदा पाहते आहे, आणि ती माझ्याशी बोलत नाही.

त्या दिवशी त्या वरण-भात जेवल्या. पूर्ण वाटी.

मग महिनाभर आमचं घर सुखाचं होतं. तपस्विनी बाईंनी त्यांना विशेष आणून दिला. मी त्यांच्या खोलीत वेगळी फळी ठोकून घेतली, वर धुतलेलं पांढरं कापड. सकाळी त्या त्यांच्या खोलीत, मी माझ्या देवघरात. नैवेद्याआधी त्यांचं ताट वेगळं काढायचं, हा नवा नियम. गोळ्या मी डबीत वारांप्रमाणे लावायचे आणि त्या कुरकुरत घ्यायच्या. भांडण परत आलं! "तुया चहात साखर हाय का नुसती आठवन?" असं त्या म्हणाल्या तेव्हा मला एवढं बरं वाटलं की मी आणखी एक चमचा घातला. दुपारी आम्ही ओट्यावर बसायचो. त्या मारेगावकडच्या गोष्टी सांगायच्या, आईच्या, भावाच्या. एवढं बोलणं पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. मला वाटलं, आता असंच चालेल, आणखी चार-पाच वर्षं तरी.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "मले तिथी नेऊन ठेव."

"कुठी?"

"आश्रमात. तिथी म्हाताऱ्या बाया रायतात. आता उरलं तेवढं त्याचं करतो."

मी हातातलं सूप खाली आपटलं. "काय कमी केलं म्या? सांगा! फळी ठोकली, ताट वेगळं काढलं, देवाले मागून जेवाले लावलं. आता घरच सोडता?"

"तूनं काहीच कमी नाई केलं," त्या म्हणाल्या. "मीनंच कमी केलं. त्याचं."

मी पुण्याला फोन लावला. मुलगा म्हणाला, "आई, चांगलंच आहे ना? आजीला सोबत मिळेल. तू पण इकडे ये." इकडे ये! दहाव्या मजल्यावर, खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या बघायला. मी फोन ठेवला. चार दिवस मी आत्याबाईंशी बोलले नाही. त्याच घरात, दोघीच, आणि न बोलता. आता विचार केला की माझ्या कानशिलात मारावीशी वाटते. मिळालेले चार दिवस मी असे घालवले.

यवतमाळला दाखवायची तारीख होती. खरं सांगते, मी मोठ्या आशेनं गेले. डॉक्टर म्हणेल, या वयात, या आजारात घर सोडणं बरं नाही. ती नाही म्हणाली की प्रश्न मिटला. यावेळी तर मीच आधी सगळं सांगितलं, तिथं खाट नाही, दवाखाना लांब, थंडीचे दिवस. डॉक्टरनं ऐकलं आणि आत्याबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी सांगितलं. मग ती बाकीचं विचारत बसली. गोळ्या कोण देणार, मन पुन्हा उतरलं तर कोणाला कळवणार, दर महिन्याला दाखवायला कोण आणणार. "मी आणीन," मी म्हटलं. माझ्याच तोंडून ते गेलं.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना नेलं. दोन लुगडी, गोळ्यांची डबी, एक शाल. फाट्यापासून पुढे ऑटो केला. तपस्विनी बाई दारात होत्या. आत्याबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मी वाट पाहिली, पण नाही पाहिलं. परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा फाट्यापासून दिग्रसपर्यंत रिकामीच होती.

घरी आल्यावर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. काहीच झालं नाही, तेच झालं. मी एकटीपुरता स्वयंपाक करायला शिकले, म्हणजे सकाळचंच संध्याकाळी. टीव्हीचा आवाज वाढवला. देवघरात नैवेद्य दाखवते, पण आता चुकलं तर बोलणारं कोणी नाही, म्हणून नीट लक्षच लागत नाही. महालक्ष्म्या बसवायच्या की नाही, हे विचारायलाही कोणी नाही. त्या जिवंत आहेत, जेवतात, बऱ्या आहेत, आणि हेच तर मला हवं होतं. हे मी स्वतःला रोज सांगायचे.

महिना झाला. डॉक्टरची तारीख पुढच्या आठवड्यात होती, तोवरच्या गोळ्या घेऊन मी आश्रमात गेले. आत्याबाई अंगणात इतर म्हाताऱ्यांसोबत तांदूळ निवडत होत्या. अंगावर थोडं मांस आलं होतं. माझ्याकडे पाहून सगळ्यांनी म्हटलं, "दंडवत," आणि आत्याबाईंनीही तेच म्हटलं, त्याच आवाजात. मी गोळ्या तपस्विनी बाईंकडे दिल्या, कागद समजावून सांगितला. पंगतीला बसले. आत्याबाईंनी मला वाढलं, जास्तच वाढलं, पण बोलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं आमचं. तिथं घरादाराचा मोह सोडायचा असतो, आणि मी घरादारातच आले.

निघताना मी चप्पल घालत होते. त्या मागून आल्या. इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही याची खात्री केली.

"एक इचारू का तुले?" त्या हळूच म्हणाल्या. "म्या थ्या बाईले इचारलं होतं. मले सुनेची आठवन येते, हे पाप तं नोहे ना?"

"मंग?" मी म्हटलं. "काय सांगतलं त्यायनं?"

"म्हने, पाप नोहे. पन आठवन आली का नाम घेत जा. आठवन जाईन."

"मंग जाते का?"

आत्याबाईंनी पदर सारखा केला. "सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत," त्या म्हणाल्या, "म्या नामच घेत रायतो."